सात फुटी टेबलाचा खरा बादशहा कोण? (बारबॉक्स पूल, साधारण 1970 ते 2000)

क्वार्टरवाला

'सर्वकालीन श्रेष्ठ पूल खेळाडू' छापाची आणखी एक यादी वाचली आणि डोकं फिरलं. मोस्कोनी, एफ्रेन रेयेस, अर्ल स्ट्रिकलंड, माइक सिगल, निक व्हार्नर, बडी हॉल. माणसं सगळी थोर, त्याबद्दल वाद नाही. पण ही सगळी कर्तबगारी नऊ फुटी टेबलावरची. बारमध्ये नाणं टाकून चालणाऱ्या साडेतीन बाय सात फुटांच्या टेबलावर कोण भारी होतं, हे कुणी विचारतच नाही. गाणं म्हणजे फक्त मैफिलीतलं, तमाशाचा फड मोजायचाच नाही, असला हा हिशेब झाला.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूल म्हणजे काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटांत पाडायचा खेळ. बारमधल्या या छोट्या टेबलाला अमेरिकेत बारबॉक्स म्हणतात. मिशिगनमधल्या बे सिटीच्या व्हॅली कंपनीने ही टेबलं गावोगावच्या बारमध्ये पोचवली. पाव डॉलरची नाणी खाचेत ठेवून दांडा आत ढकलायचा, की पोटात अडकलेले बॉल गडगडत बाहेर येतात. पुढचा डाव आपला हे सांगायला टेबलाच्या कडेवर आपलं नाणं मांडून ठेवायचं. जो जिंकेल तो टेबलावर राहणार, हरेल तो बिअर घेऊन बाजूला. रांगेत सहा नाणी असली तर एका चुकीची किंमत तासभर उभं राहणं.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो म्हणजे दगड मारायला सोपं पडेल: डेव्हिड मॅटलॉक, कॅन्सस सिटी. नऊ फुटीच्या मोठ्या यू.एस. ओपनच्या विजेत्यांत त्याचं नाव दिसणार नाही. सात फुटी टेबलावरच्या स्पर्धांत मात्र तो वर्षानुवर्षं जिंकत राहिला आणि मिडवेस्टात आजही जुन्या खेळाडूंसमोर 'बार टेबल' म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं.

अट एकच. नऊ फुटीवर काय जिंकलं ते इथे पुरावा म्हणून चालणार नाही.

सदाशिवपेठी

बारमध्ये बिअर पीत नाणी मांडून खेळायचं आणि त्यातही 'सर्वकालीन श्रेष्ठ' शोधायचा! आमच्या पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं, 1964 ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा मिळवलं. बारा बाय सहाच्या टेबलावर. त्यांच्यापुढे तुमचं हे खेळण्यातलं टेबल म्हणजे काय ते मी लिहीत नाही. चालू द्या.

टेक्सासतात्या

पेठी, तुमचा प्रतिसाद येणार हे गृहीत धरूनच धागा वाचायला उघडला होता. विल्सन जोन्सना दंडवत, पण अवांतर.

क्वार्टरवाला, मॅटलॉकला माझा विरोध नाही, तुमच्या अटीला आहे. नऊ फुटी बाद केलं तर पुरावा म्हणून उरतं काय? बारमधले डाव कुणी लिहून ठेवले नाहीत. पैजा लावणाऱ्यांना तर लिहून ठेवणं परवडणारं नव्हतंच. 1961 पासून इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीत जॅन्स्को बंधू फिरत्या जुगारी खेळाडूंचा मेळा भरवायचे. 1972 मध्ये तिथे सरकारी धाड पडली. त्यानंतर कोण आपल्या जिंकलेल्या पैशांची वही ठेवेल?

नाव लपवण्याचीच रीत होती. 1985 ची ह्यूस्टनची गोष्ट इथे बहुतेकांना माहीत असेल. 'रेड्स' नावाच्या ठिकाणी नाईन-बॉलची (नऊच बॉलांचा पूल, नऊ नंबर पाडेल तो जिंकतो) स्पर्धा. सेझार मोरालेस या नावाने एक बारीकसा फिलिपिनो माणूस खेळायला आला आणि स्पर्धा घेऊन गेला. तो एफ्रेन रेयेस. त्याचं खरं नाव अमेरिकेतल्या जाणकारांच्या कानावर आधीच गेलेलं होतं, म्हणून दुसरं नाव लावलं. असल्या जगात तुम्ही रेकॉर्ड मागताय.

माझं मत: रेयेसच. मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला, टेबलापर्यंत हात पोचत नव्हते तेव्हा कोका-कोलाच्या खोक्यांवर उभं राहून खेळायचा, रात्री टेबलावरच झोपायचा. ज्याला बॉल कसा वळतो हे इतक्या लहानपणी कळलं त्याला टेबलाचं माप काय अडवणार? सात फुटीवर पंधरा बॉल दाटीवाटीने पडलेले असतात. तिथे अडकलेला पांढरा दोन कुशन (टेबलाच्या रबरी कडा) घेऊन सोडवायचा आणि वर समोरच्याला काहीच न ठेवता बसायचं, यात रेयेसच्या जवळपास कोण येतं ते सांगा.

दुसरं नाव कीथ मॅक्रेडी. कॅलिफोर्नियाचा. लहानपणीच खेळायला लागल्यामुळे कोपर बाहेर काढून, हात आडवा फिरवून मारायची सवय पडली ती तशीच राहिली. कुठल्याही प्रशिक्षकाने पाहिलं तर डोळे मिटून घ्यावेत असा स्ट्रोक, आणि बॉल मात्र पॉकेटच्या मध्यात. पॉल न्यूमन आणि टॉम क्रूझच्या 1986 च्या सिनेमात ग्रेडी सीझन्स म्हणून जो दिसतो तो हाच. तोंडाने सतत बडबड, समोरच्याला चिडवणं, पैज वाढवत नेणं. बारमध्ये जिंकायला हेही लागतं.

क्वार्टरवाला

तात्या, 'टेबलाचं माप काय अडवणार' हेच तर मला मान्य नाही. मापापेक्षाही पांढरा बॉल अडवतो. जुन्या बारबॉक्सचा पांढरा वेगळा असायचा. ड्रॉशॉट इथे असेल तर त्याने नीट लिहावं, मी लिहिलं तर तो येऊन दुरुस्त करत बसेल.

ड्रॉशॉट

बोलावलंत म्हणून लिहितो.

नाणं टाकायच्या टेबलाची अडचण अशी की पडलेले बॉल आत अडकून राहिले पाहिजेत, पण पांढरा पडला तर परत मिळाला पाहिजे. म्हणजे यंत्राला पांढरा ओळखता यायला हवा. जुना उपाय म्हणजे पांढराच मोठा करा. बाकी बॉल सव्वादोन इंच व्यासाचे, पांढरा दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. मोठा बॉल चाळणीत अडतो आणि दुसऱ्या वाटेने बाहेर येतो. नंतर लोहचुंबकाने ओढला जाणारा पांढरा आला, मापाने बाकीच्यांइतकाच, पण त्यातल्या काहींचं वजन जास्त.

आता फरक बघा. व्यास 57.15 मि.मी. वरून 60.3 वर गेला की त्याच मालाच्या बॉलचं वजन साधारण 17 टक्क्यांनी वाढतं. सारख्या वजनाचा पांढरा समोरासमोर, फिरकी नसताना आदळला तर जागीच थांबतो, सगळा वेग पुढच्याला देऊन टाकतो. 17 टक्के जड असेल तर थांबत नाही. वेगाचा जवळजवळ 8 टक्के भाग त्याच्याकडेच उरतो आणि तो पुढे सरकतो. म्हणजे साधा स्टॉप शॉट मारायलाही मागची फिरकी द्यावी लागते, आणि तोच बॉल फूटभर मागे खेचायचा तर हातात जोर आणि टायमिंग दोन्ही हवं. तिरकस शॉटला पांढरा 90 अंशांनी निघतो हे पाठ केलेलं असतं, तेही बिघडतं. जड पांढरा त्या रेषेच्या पुढेच जातो.

कॅरम खेळलेल्यांना हे पटकन कळेल. स्ट्रायकर सोंगट्यांपेक्षा मोठा आणि जड असतो, सोंगटी उडवल्यावर तो जागी थांबत नाही, मागोमाग जातो. बारबॉक्सचा जुना पांढरा म्हणजे सौम्य स्ट्रायकर.

शिवाय मोठ्या पांढऱ्याचा मध्य वर असतो, त्यामुळे तो समोरच्या बॉलच्या कमरेच्या किंचित वर टेकतो. आयुष्यभर सारख्या मापाच्या बॉलांवर नेम बसवलेल्या माणसाचा बारीक कट इथे जाड लागतो किंवा पातळ.

म्हणून क्वार्टरवाल्यांच्या मुद्द्याला अनुमोदन. नऊ फुटीवरचा राजा मोठ्या पांढऱ्यासमोर पहिला तासभर तरी पाहुणा असतो. पहिल्या तासात पैसे जातात.

मंजिरी_डॅलस

वाचतेय. छान चाललंय, पण सगळी नावं पुरुषांचीच येतायत म्हणून मध्ये घुसते.

व्हिव्हियन व्हिलारियल. सॅन अँटोनियोची. आठ वर्षांची असताना आजीच्या बारमध्ये खेळायला लागली. म्हणजे या धाग्यात आत्तापर्यंत आलेल्या नावांमध्ये अक्षरशः बारमध्ये घडलेली हीच. पुढे व्यावसायिक महिलांच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेली, टेक्सास टॉर्नेडो हे टोपणनाव पडलं. तिचा वेग पाहिलात तर कळेल ही सवय कुठून आली. बारमध्ये मागे रांग असताना शॉटभोवती तीन प्रदक्षिणा घालत बसलं तर लोक ओरडतात.

जीन बालुकस थोर यात शंका नाही, 1972 ते 1978 सलग सात यू.एस. ओपन, पण ती ब्रुकलिनच्या पूल हॉलची आणि मोठ्या टेबलाची, त्यामुळे धाग्याच्या अटीत बसत नाही.

मी स्वतः इथे एपीए (हौशी पूल खेळाडूंची संघटना) लीग खेळते. नवीन लोकांसाठी: टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी 1979 मध्ये ही सुरू केली. प्रत्येकाला एट-बॉलमध्ये (आपल्या गटाचे बॉल पाडून शेवटी आठ नंबर पाडायचा) 2 ते 7 असा दर्जा, आणि मैदानात उतरणाऱ्या पाच जणांची बेरीज 23 च्या वर जाऊ द्यायची नाही. माझ्यासारखी 3 वाली 6 वाल्याशी खेळते तेव्हा मला दोन डाव पुरतात, त्याला पाच लागतात. यामुळे बायका, म्हातारे, नवशिके सगळे बारबॉक्सपाशी आले. उत्तम झालं. पण जुने लोक म्हणतात की यामुळेच दुसऱ्या गावातून येऊन पैसे नेणारा फिरस्ता संपला. आता प्रत्येकाचा दर्जा कागदावर असतो, लपायचं कुठे?

रच्याकने, टेबलाच्या कडेवर नाणं ठेवणारी बाई दिसली की आजही काही जण "हळू ब्रेक कर हं" (ब्रेक म्हणजे रचलेले बॉल फोडणारा पहिला फटका) असं समजावतात. त्यांच्याविरुद्ध जिंकायला वेगळीच मजा येते.

एक_जुना_ग्रॅड

ऐंशीच्या दशकात मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात होतो. बर्फ, प्रबंध आणि कोपऱ्यावरचा बार, यापलीकडे आयुष्य नव्हतं. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

एक गोष्ट कुणीच काढली नाही. टेबल बारमालकाचं नसायचं. ज्यूकबॉक्स, पिनबॉल आणि पूल टेबल, तिन्ही एका ऑपरेटरची. तो ठरलेल्या दिवशी यायचा, डबा उघडून नाणी मोजायचा, अर्धी मालकाला, अर्धी स्वतःला. त्याला कापड बदलायची काय घाई? जाडं, केसाळ हिरवं कापड वर्षभर सांडलेली बिअर आणि खडूची भुकटी पिऊन बसलेलं. कुशन एका बाजूला मेलेली. जमीन तिरकी असेल तर टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी. अशा टेबलावर हळू मारलेला बॉल शेवटच्या चार इंचांत वळायचा, आणि कुठे वळणार हे फक्त तिथल्याला ठाऊक.

म्हणूनच मला बाहेरून आलेल्या थोर खेळाडूपेक्षा गावचा खेळाडू जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या बारमध्ये एक जण होता, दिवसा गाड्यांचं पेंटिंग करायचा. बोलणं कमी. भिंतीवरची कुठलीही काठी उचलायचा, सरळ आहे का बघायचाही नाही. पहिल्या डावात ब्रेकनंतर पांढरा कुठे थांबतो एवढंच बघायचा आणि मग रात्रभर त्याला कुणी टेबलावरून हलवू शकत नसे. त्याचं नाव कुठल्याही यादीत नाही, आणि असे शेकडो असणार. मॅटलॉक थोर तो यासाठी की तो एका बारचा नव्हता, शंभर बारचा होता. अनोळखी कापड, अनोळखी पांढरा, तरी तसाच खेळ. ही गोष्ट मला तरी निर्णायक वाटते.

दुसरं, नियम. पडलेले बॉल आत अडकतात, याचा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. स्ट्रेट पूलला (कुठलाही बॉल पाडा, प्रत्येकाचा एक गुण) चौदा बॉल पडले की पुन्हा रचावे लागतात. बारबॉक्सवर रचायचे तर पुन्हा नाणी. वन-पॉकेटमध्ये (प्रत्येकाला एकच ठरलेलं पॉकेट) फाऊल झाला की पडलेला बॉल परत टेबलावर ठेवायचा असतो. कुठून आणणार? फक्त एट-बॉल असा खेळ की ज्यात पडलेला बॉल परत लागत नाही (ब्रेकला आठ नंबर पडला तर? बारमध्ये सरळ जिंकला!). माझ्या मते एट-बॉल हा साऱ्या देशाचा खेळ झाला त्यात या कुलुपबंद डब्याचा मोठा वाटा आहे. आणि मोस्कोनीच्या पिढीचा स्ट्रेट पूल मागे पडला त्यातही.

त्यामुळे बारबॉक्सचा बादशहा शोधताना एट-बॉलचा बादशहा शोधा. नाईन-बॉलचे दाखले देऊन रेयेसला पुढे करू नका तात्या.

टेक्सासतात्या

ग्रॅडसाहेब, टेक्सासात बारबॉक्सवर नाईन-बॉलही भरपूर चालायचा. एका फाऊलला पांढरा समोरच्याच्या हातात (हवा तिथे ठेवून खेळायचा), आणि फाऊलवर पडलेले बॉल परत वर काढायचे नाहीत, हे 'टेक्सास एक्स्प्रेस' नियम इथूनच निघाले. डब्यात अडकलेला बॉल बाहेर काढता येत नाही हे तुमचंच तर्कशास्त्र इथे लावा, आणि हा नियम टेक्सासातच का सुचला असेल याचा विचार करा. मी म्हणतो म्हणून नव्हे, पण योगायोग वाटत नाही.

तेलाच्या विहिरींवरची पोरं शुक्रवारी पगार खिशात घालून बारमध्ये यायची. तिथे एट-बॉलचा पंधरा मिनिटांचा डाव कुणाला हवा होता? नाईन-बॉल झटपट संपतो, पैसा झटपट फिरतो.

ब्रेक_अँड_रन

काका लोकहो, भूतकाळाबद्दल आदर आहेच, पण शेन व्हॅन बोएनिंगचं नाव अजून कसं आलं नाही? साऊथ डाकोटातल्या रॅपिड सिटीचा, घरचाच पूल हॉल, आई आणि आजोबांकडून शिकलेला. कानाने ऐकू कमी येतं, त्यामुळे बारचा गोंगाट त्याला बाधत नाही असं गमतीत म्हणतात. नऊ फुटीवर पाच यू.एस. ओपन आणि 2022 चं जगज्जेतेपद, आणि तरी नेवाडातल्या रीनोला यू.एस. बार टेबल चॅम्पियनशिपमध्येही पुन्हा पुन्हा जिंकला. तिथे एट, नाईन आणि टेन-बॉल तिन्ही सात फुटी टेबलावर. यापेक्षा सरळ पुरावा काय हवा? डाव लिहिलेले आहेत, व्हिडिओ आहेत.

आणि अर्ल स्ट्रिकलंड. 1996, डॅलस. सलग दहा रॅक (म्हणजे दहा डाव) साफ केले तर दहा लाख डॉलर अशी स्पर्धा, पठ्ठ्याने अकरा केले! विमा कंपनीने कटकट केली तो भाग वेगळा.

क्वार्टरवाला

अरे बाबा, डॅलसचं टेबल नऊ फुटी होतं. अट वाच.

शेनबद्दल. तो आजचा सर्वोत्तम बारबॉक्स खेळाडू म्हणालास तर मी सही करतो. पण धाग्याच्या शीर्षकात 1970 ते 2000 लिहिलंय ते उगीच नाही. रीनोतल्या टेबलांवर नीट ताणलेलं वेगवान कापड असतं, टेबल समपातळीत लावलेलं असतं, पांढरा बाकीच्यांच्याच मापाचा आणि वजनाचा. ते सात फुटी टेबल आहे, पण ग्रॅडसाहेबांनी वर्णन केलेला बारबॉक्स ते नव्हे. वेगवान कापडावर अलगद स्ट्रोक पुरतो. जाड्या कापडावर जड पांढरा खेचायला जो दंड लागायचा, त्याची परीक्षाच तिथे होत नाही.

तात्यांच्या रेयेसबद्दल एवढंच म्हणेन की त्याची खरी ताकद सुटकेत आहे, अडचणीतून बाहेर येण्यात. सात फुटीवर ती कमी वेळा लागते. टेबलाचं क्षेत्रफळ नऊ फुटीच्या साधारण 60 टक्के, कुठलाही बॉल जवळच असतो. दर्जेदार खेळाडू टेबलापाशी आला की संपवूनच जातो. मग जिंकतो कोण? जो चिकटलेल्या बॉलांचे गठ्ठे केव्हा फोडायचे हे अचूक ओळखतो आणि एकही सोपा बॉल चुकत नाही तो. हे कंटाळवाणं कौशल्य आहे. प्रेक्षक त्याला टाळ्या देत नाहीत. मॅटलॉकचा खेळ असा होता, म्हणून त्याचे किस्से कमी आणि दरारा जास्त.

मॅक्रेडीला मी दुसरं स्थान देतो. बडबडीसकट.

सदाशिवपेठी

मी गंमत बघायला थांबलो होतो, पण आता राहवत नाही.

तुम्ही सगळे नऊ फुटी टेबल म्हणजे शुद्ध आणि त्याखालचं म्हणजे बाटलेलं असं धरून भांडताय. मोस्कोनींचा प्रसिद्ध विक्रम घ्या. स्ट्रेट पूलमध्ये न चुकता सलग 526 बॉल, मार्च 1954, स्प्रिंगफील्ड, ओहायो. टेबल होतं चार बाय आठ! नऊ फुटी नव्हतंच. पासष्ट वर्षांनी, 2019 मध्ये जॉन श्मिटने 626 केले ते नऊ फुटीवर. तरी 'आठ फुटी म्हणून मोस्कोनींचा विक्रम धरू नका' असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग सात फुटीनेच काय घोडं मारलंय?

याचा अर्थ मी बारबॉक्सला मान्यता दिली असा काढू नये. फक्त वादात सुसंगती असावी. विल्सन जोन्स ते विल्सन जोन्सच.

एक_जुना_ग्रॅड

पेठी आमच्या बाजूने! या धाग्याला कुलूप लावण्याआधी हे पान कुणीतरी जपून ठेवा.

क्वार्टरवाला, दुसऱ्या स्थानाबद्दल भांडण आहे. मॅक्रेडीच्या आधी लुई रॉबर्ट्स हवा. सेंट लुईचा, म्हणून 'सेंट लुई लुई'. 1979 ची यू.एस. ओपन नाईन-बॉल त्याची, पण तो दाखला मी देत नाही, अट मान्य. देतो तो हा, की जड पांढरा लांबवर सरळ रेषेत मागे आणायला जो स्ट्रोक लागतो तो त्याच्या हातात जन्मजात होता. शिवाय माणूस देखणा, बोलका, सारा बार त्याच्याभोवती. 1991 मध्ये गेला, चाळिशीही धड पाहिली नाही म्हणावं असं वय. तो शिस्तीत राहिला असता तर आज हा धागा निघाला नसता.

बडी हॉलला मात्र या यादीत थोडं खाली ठेवेन, आणि यावर मार खायची तयारी आहे. पांढरा त्याच्याइतका ताब्यात कुणाच्याच नव्हता. पांढऱ्यावर घड्याळ कल्पून किती वाजता टोक टेकवायचं ही त्याची पद्धत लोक अजून शिकवतात. पण घड्याळ चालायला पांढरा प्रामाणिक लागतो. मोठा, घासलेला, एका अंगाने हलका झालेला पांढरा दिला की तीन वाजताची फिरकी साडेचारला पोचते. तो तिथेही जिंकायचाच म्हणा, मेट्रोपोलिस, इलिनॉयसारख्या छोट्या गावातून आलेला माणूस, असली टेबलं त्याला नवीन नव्हती. तरी त्याचं खरं सौंदर्य मोठ्या टेबलावर.

टेक्सासतात्या

बडी हॉल खाली?? ग्रॅडसाहेब, तुमच्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये बिअरऐवजी भलतंच काही मिळत होतं.

ज्याला पांढरा सहा इंचांच्या पलीकडे हलवावाच लागत नाही त्याला कापड जाडं की पातळ याने काय फरक पडतो? हॉलला रायफलमॅन उगीच म्हणत नव्हते. माझा क्रम: रेयेस, हॉल, मॅटलॉक, मॅक्रेडी, रॉबर्ट्स. आणि व्हिव्हियन यांच्यापैकी दोघांना तरी एखाद्या शुक्रवारी घरी पाठवेल, कोणत्या ते मंजिरीताईंनी ठरवावं.

मंजिरी_डॅलस

मॅक्रेडी आणि रॉबर्ट्स. दोघेही बोलण्यात रंगतील, तोवर ती संपवून मोकळी.

एक कामाचं विचारते, ड्रॉशॉट उत्तर द्या. आमच्या लीगच्या एका बारमध्ये जुनंच टेबल आहे. पांढरा मापाने बाकीच्यांइतका दिसतो पण मागे खेचला की येतच नाही, आणि स्टॉप मारला की हातभर पुढे जातो. माझं चुकतंय की बॉलचं? काठी बदलू का?

ड्रॉशॉट

काठी बदलू नका, पैसे वाया जातील. पांढरा चुंबकाचा, जड प्रकारातला असणार. स्वयंपाकघरातला वजनकाटा पर्समध्ये घेऊन जा आणि डाव सुरू व्हायच्या आधी पांढरा आणि कुठलाही एक रंगीत बॉल मोजा. रंगीत बॉल 156 ते 170 ग्रॅमच्या दरम्यान भरेल. पांढरा त्याच्यापेक्षा दहा ग्रॅमच्या वर जड निघाला तर कारण सापडलं.

मग त्या टेबलापुरता खेळ बदला. मागे खेचायचा विचार सोडून द्या. पुढचा बॉल असा निवडा की पांढरा आपसूक पुढे जाऊन जागेवर पोचेल. जड पांढऱ्याला पुढे जायला आवडतं, त्याला जाऊ द्या. स्टॉप हवाच असेल तर नेहमीपेक्षा टोकाची अर्धी रुंदी खाली टेका आणि जवळच्या बॉललाच तो मारा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नको. गठ्ठा फोडायला मात्र हा पांढरा झकास, जड असल्याने आत घुसतो. त्याचा फायदा लवकर घ्या, तीन-चार बॉल शिल्लक असेपर्यंत थांबू नका.

आणि समोरचा 6 वाला दुसऱ्या बारमधून आलेला असेल तर त्याला वजनाचं सांगू नका.